तिरळा फोन

२ जुलै, बुधवार

फोन मेला. मेला म्हणजे नितेशने मारला. पांढऱ्या रंगाच्या बादलीच्या काठावर कोणी फोन ठेवतं का? आमचे चिरंजीव ठेवतात. बत्तीस वर्षांचा घोडा, कारखान्याचा मालक म्हणवतो, आणि आईचा फोन बादलीत पाडून वर मलाच विचारतो, "आई, तूच ठेवला व्हतास ना तिथं?" मग कोणी तरी सांगितलं, तांदळात पुरा. पुरला. फोन तर गेलाच, तांदळालाही रंगाचा वास लागला.

एरवी माझं फोनवाचून काही अडलं नसतं. पण केरूशेठनी यंदा नवं खूळ काढलंय. केरूशेठ म्हणजे रोह्याचे व्यापारी. आमच्या जोहे गावच्या कारखान्यातले निम्मे गणपती दरवर्षी तेच उचलतात. आजवर टेम्पो घेऊन यायचे, मूर्तीसमोर उकिडवे बसायचे, पसंत म्हणायचे आणि न्यायचे. यंदा म्हणाले, "इंदुबाई, गिऱ्हाईक आता घरी बसून मागतंय. प्रत्येक मूर्तीच्या तोंडाचा फोटो पाठवा, त्याच्यावर बुकिंग घेतो." जाता जाता हेही ऐकवून गेले की एक कारखाना छाप्याने डोळे मारून देतो, सगळे एकसारखे आणि स्वस्त. "फोटोत तुमचे डोळे उठून दिसले तर बरं, नायतर..." वाक्य पुरं केलं नाही. व्यापारी वाक्य पुरं करत नाहीत, आपल्याकडून करून घेतात.

छाप्याने डोळे! गणपती आहे का टपालाचं पाकीट?

डोळ्यांची आखणी मी लग्न होऊन आले तेव्हापासून करतेय. अंगाचा रंग कोणीही मारतं, फवाऱ्याच्या गनने तर गाढवही मारील. डोळे उघडले की मूर्तीचा देव होतो, तोवर ती माती. केरूशेठ गेले तर कारखान्याला कुलूप लागेल हे नितेशला कळतं की नाही कोण जाणे, मला कळतं. म्हणून फोन मी निवडणार आणि फोटोही मीच काढणार.

४ जुलै

घरात युद्ध पेटलंय. नितेशला आयफोन हवा. का? तर, "आई, आयफोन म्हंजे आयफोन." हे त्याचं कारण. शाळेतही उत्तरं अशीच लिहायचा, म्हणून तर मूर्त्या रंगवतोय.

दुसऱ्या बाजूला आमचे जावई, प्रविणराव. रोह्यात राहतात, धाटावला केमिकल कंपनीत शिफ्ट करतात आणि उरलेल्या वेळात जगाला शहाणं करतात. प्रणिताने, म्हणजे माझ्या मुलीने, त्यांना फोनवर दिलं आणि पाऊण तास माझा कान गेला. "मामी, आयफोनमधी पैसा नावाला जातो. अँड्रॉइड घ्या, चिनी कंपनीचा घ्या. दोनशे मेगापिक्सेल हायत." मी विचारलं, मेगापिक्सेल म्हणजे काय? तर म्हणाले, "जास्त असलं की चांगलं." एवढं तर मला मिठाबद्दलही सांगता येत नाही.

या दोघांचं बोलणं ऐकलं तर वाटावं आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले या दोन जातीच आहेत. उद्या सोयरीक करतानाही विचारतील. आणि गंमत अशी की दोघांनी मिळून आजवर फोनवर काय केलं असेल, तर सकाळी फुलांचे फोटो पाठवले आणि रात्री कोंबडीचे.

दिपिका, सून, भाकऱ्या थापत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. तरी बोलली, "आई, कुठला पन घ्या, पन मोठ्या पडद्याचा घ्या. तुमाला दिसाय बरा."

मला दिसायला! बुबुळातला पांढरा ठिपका मी तिळाएवढा काढते, आणि ही मला मोठा पडदा सुचवते. मी म्हटलं, "तुझी भाकरी करपतेय, तेवढं दिसतंय का बघ." करपत नव्हती. पण तिने उलटली.

७ जुलै, सोमवार

पेणला जाऊन आले. एकटीच गेले, एसटीने. दोन पंडित बरोबर घेऊन गेले असते तर दुकानात कुस्ती झाली असती.

फोनची परीक्षा कशी घ्यायची ते मी रात्रीच ठरवलं होतं. मेगापिक्सेल गेले खड्ड्यात. सकाळी आखणी केलेला एक वीतभर गणपती पिशवीत घेतला, तोंडावर रीतीप्रमाणे रुमाल बांधला. ज्या फोनमध्ये माझे डोळे माझ्यासारखे दिसतील तो फोन चांगला. ह्याहून सोपी परीक्षा ब्रह्मदेवालाही सुचणार नाही.

दुकानात मृणाली नावाची मुलगी होती. नाव छातीवर लटकवलेलं, ते तिने वाचून दाखवलं, कारण अक्षरं इतकी बारीक छापलेली की मुंगीने वाचावीत. तिने एक फोन दिला. पडदा पिवळट. म्हटलं, जुना माल आहे का? म्हणाली, आजच खोका फोडला. दुसरा दिला. तोही पिवळट, वर धुरकट. पदराने पुसला, तरी धुरकट. तिसरा, चौथा, सगळ्यांना जणू हळदीचा हात लागलेला. कोरिया झाला, चीन झाला, अमेरिका झाली. एवढ्या मोठमोठ्या कंपन्या आणि एकीलाही पांढरा रंग जमत नाही! आमच्याकडे पांढरा हात बिघडला तर कामगाराला घरी पाठवतात.

मग गणपती बाहेर काढून काचेवर ठेवला, रुमाल सोडला. मृणालीने हात जोडले. एवढं बरं वळण आहे अजून. फोनने देवाच्या तोंडाभोवती आपोआप चौकट काढली, माणूस समजून. फोटो काढला. तिने दोन बोटांनी तो फाकवून मोठा केला, आणि मी बघतच राहिले.

तिरळा! डावं बुबुळ नाकाकडे सरकलेलं. वरची रेघ पापणी सोडून भलतीकडे.

मी म्हटलं, "हा कॅमेरा आहे का जादूचा आरसा? दुसरा दे." दुसऱ्यातही तिरळा. तिसऱ्यातही. पाच कंपन्या, आणि पाचही तिरळ्या. आयफोनसुद्धा! नितेशला हे सांगायचं म्हणून मला आतून जरा बरंही वाटलं.

मृणाली एकदा मूर्तीकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "काकू, खूप जवळून काढला की कधीकधी असं होतं." म्हटलं, "मग लांबून काढून दाखव." तर म्हणे, "आता चार्जिंग संपलंय." पाचही फोनचं एकदम! खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं.

येताना एसटीच्या समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसत होते, एकेका दिव्याला पिसारा फुटलेला. हे नवे दिवे कोणी काढले कोण जाणे. माणसाला आंधळं करूनच थांबतील.

९ जुलै

या वर्षीची डायरी पतपेढीने अगदीच भिकार छापली आहे. रेघा अशा फिक्या की शोधाव्या लागतात. गेल्या वर्षीची बरी होती. सभासदांच्या पैशाने सहलीला जातात आणि शाईत काटकसर करतात.

कारखान्यातली ट्यूबही बदलायला सांगितली. नितेश म्हणाला, "आई, परवाच तर बदलली." म्हटलं, मग तिसरी लाव.

दिपिकाला गेल्या वर्षापासून एक सवय लागलीये. जेवण झालं रे झालं की, "आई, जरा पडा." सून सासूला झोपायला सांगते! आमच्या वेळी सासू झोपली की आम्ही देवाचे आभार मानायचो, पण तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती. पडते खरी तासभर. उठले की बघावं तर हिच्या बोटांना काळं. विचारलं तर म्हणते, "काजल लावत व्हते." दुपारी तीन वाजता, कारखान्यात, काजळ! कोणाला दाखवायला, उंदरांना?

११ जुलै

केरूशेठचा निरोप, नितेशच्या फोनवर. वीस तारखेपर्यंत सगळे फोटो हवेत. नाही तर ते दुसरीकडे बघतील. हे वाक्य मात्र त्यांनी पुरं केलं.

नितेश म्हणाला, "माझ्या फोनवरून काढतो मी." त्याने काढलेल्या फोटोत कायम त्याचा अंगठा असतो. दिपिका म्हणाली, "मी काढू का?" तिला मी पितांबराच्या सोनेरी काठावर बसवलंय आणि तिथेच बसवणार. तीन वर्षांपूर्वी हौसेने म्हणाली होती, आई, मला आखणी शिकवा. एक मूर्ती दिली. हिने काढलेले डोळे बघून मला आमची शेळी आठवली, खाटकाच्या दारात उभी केलेली. वर म्हणते कशी, ब्रश जाडा हाय. नाचता येईना अंगण वाकडं! त्या दिवसापासून तिच्या हाती बारीक ब्रश दिला नाही. पुन्हा तिने मागितलाही नाही. आजकालच्या मुलींना चिकाटी कसली ती नाही.

हात असावा लागतो. गेल्या वर्षीची माझी आखणी बघून केरूशेठसारखा माणूस म्हणाला, "इंदुबाई, वय वाढलं तसा तुमचा हात चढतोय." शेजारपाजारच्या कारखान्यातले बघायला आले होते. मी दिपिकाला मुद्दाम समोर उभं करून दाखवलं, म्हटलं, बघ, याला डोळे म्हणतात. खाली बघत उभी राहिली.

१३ जुलै, रविवार. रोहा

दिवा-रोहा गाडीने आले. प्रविणराव स्टेशनवर घ्यायला आले होते. मोटरसायकल सुरू व्हायच्या आधी मेगापिक्सेल सुरू.

परीक्षेचा गणपती याही वेळी बरोबर होता. सकाळी निघायची घाई, म्हणून काल आखून फळीवर सुकत ठेवलेला एक उचलला.

रोह्याच्या दुकानात प्रणिता थेट आली होती, पण प्रविणरावांनी आम्हा दोघींच्या आधी बोलायला सुरुवात केली. दुकानदाराला प्रोसेसर शिकवला, बॅटरी शिकवली. दुकानदार गरीब, मान डोलवत होता. शेवटी मी प्रविणरावांना म्हटलं, "तुम्ही जरा चहा सांगून या." जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. नऊ निदान बोलत तरी नाहीत.

पडदे इथेही पिवळेच. पण फोटो! फोटो काढला, मोठा केला, आणि डोळे सरळ! बुबुळ जागच्या जागी, पापणीची रेघ केसाएवढी, आणि तो ठिपका... माझाच हात. आयफोनमध्ये सरळ, चिनीमध्ये सरळ, कोरियामध्ये सरळ. मी तर थक्क झाले. मग डोक्यात उजेड पडला. पेणचा तो दुकानदार डुप्लिकेट माल विकतो! तिथल्या पाचही फोनच्या आत काही तरी भंगार भरलेलं असणार. म्हणूनच ती मृणाली माझ्याकडे चोरासारखी बघत होती. मी प्रविणरावांना हे सांगितलं, तर त्यांनी प्रणिताकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

फोन कोरियाचा घेतला. नितेशचाही नाही आणि जावयाचाही नाही. दोघांच्या नाकावर टिच्चून.

संध्याकाळी प्रणिता मागे लागली. "आई, बुधवारी हितं डोल्यांचं शिबिर हाय, राहा की. नुसतं तपासून घे." म्हटलं, माझे डोळे अख्ख्या रायगड जिल्ह्याच्या देव्हाऱ्यांत बसलेत, ते कोण तपासणार? तर रडायलाच लागली. लग्नाआधी अशी रडूबाई नव्हती. जावयाच्या बडबडीने नसा कमजोर झाल्या असतील.

१४ जुलै

घरी आले. कालपर्यंत फळीवर सुकलेल्या मूर्त्यांचे फोटो केरूशेठना पाठवले. सगळे सरळ, सुरेख. त्यांचा उलटा अंगठा आला, म्हणजे सुलटा. नितेशला म्हटलं, बघ, आयफोनवाचून कोणी मेलं नाही. तो हसला नाही. म्हणाला, "आई, फोटो संध्याकालीच काढत जा. उजेड बरा असतो."

आता हा मला उजेड शिकवणार.

१५ जुलै, मंगळवार

सकाळी फेटेवाल्या गणपतीची आखणी केली. तसा एकच आहे या वर्षी, एका डॉक्टरांनी मुद्दाम करून मागितलेला. हात छान चालला होता. हौस म्हणून जेवणाआधीच त्याचा फोटो काढला आणि मोठा केला.

तिरळा.

पुन्हा काढला. तिरळा. काल शहाण्यासारखा वागणारा फोन एका दिवसात बिघडला. म्हटलं, कोरियाही त्यातलाच. रोह्याच्या दुकानदाराला फोन लावून दहा मिनिटं झापलं. तो म्हणाला, मावशी, लेन्स पुसून बघा. मी त्याला त्याचं काय पुसायला सांगितलं ते इथे लिहीत नाही. मग जेवले आणि झोपले.

संध्याकाळी पुन्हा काढला. तोच फेटेवाला, तोच फोन, तीच खिडकी. सरळ.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बसले आहे. दुपारचा आणि संध्याकाळचा. बोटांनी मोठे करते, लहान करते. फोन एकच आहे. गणपतीही एकच आहे. देव आपले डोळे आपण सरळ करत नाही.

१६ जुलै

जेवण झालं. दिपिका म्हणाली, आई, जरा पडा. पडले. कारखान्याच्या कोपऱ्यातल्या खाटेवर, भिंतीकडे तोंड न करता.

थोड्या वेळाने पाट सरकल्याचा आवाज. डोळे किलकिले केले. सगळं धुकट, पण साडी ओळखू आली. माझ्या पाटावर दिपिका. तिच्यासमोर मूर्ती धरून, हळूहळू फिरवत, नितेश. ती ओल्या फडक्याने माझी रेघ टिपत होती. टिपून पुन्हा काढत होती. एकदा नितेशने माझ्याकडे मान वळवली.

त्यांना संशय येऊ नये म्हणून मी मोठ्याने घोरले.

१७ जुलै, गुरुवार

आज विचारलं. सकाळी, सगळ्यांसमोर, चहा घेता घेता.

"कधीपासून?"

दिपिकाने कपबशी खाली ठेवली. तिने काय म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "गेल्या सालापासून, आई. गेल्या सालच्या सुरवातीपासून."

म्हणजे गेल्या वर्षीचे सगळे. केरूशेठ ज्यांच्याकडे बघून हात चढतोय म्हणाले ते. शेजारचे कारखानदार बघायला आले ते. तिला समोर उभं करून मी ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते. तिला तिचेच डोळे दाखवून मी म्हटलं होतं, याला डोळे म्हणतात!

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी सगळ्यांना धू धू धुतलं. नितेशला नामर्द म्हटलं. आईला आंधळी समजता आणि तोंडावर आरती करता? प्रणितालाही माहीत होतं, जावयालाही. तो बडबड्या माणूस वर्षभर ही एक गोष्ट पोटात ठेवून राहिला! पेणची ती पोरगीसुद्धा एका नजरेत समजली. सगळ्या जगाला माहीत, आणि मी एकटी शहाणी पाच कंपन्यांची अक्कल काढत फिरतेय.

"सांगितलं का नाही?" मी ओरडले.

नितेश म्हणाला, "सांगून तू ब्रश ठेवला असतास? का आमच्या टाळक्यात घातला असतास?"

दिपिका रडत नव्हती, हे मला जास्त लागलं. म्हणाली, "आई, मी तुमची रेघ पुसून माझी नव्हते काढत. तुमच्या जुन्या मूर्त्या समोर ठेवायची, त्यांच्यावरून बघून तुमचीच काढायची. जरा सरकलेली असायची, तेवढीच."

"शिकलीस कधी?"

"तुमी झोपल्यावर. पयले डोंगरभर डोले तरी पुसले असतील."

आणि मी लिहिलं होतं चिकाटी नाही.

मग नितेशने मधेच, वातावरण हलकं करायला असेल, म्हटलं, "तो फोन सात दिवसांत परत घेतात. नको असंल तर आयफोन..." मी म्हटलं, "कुठलाही घे रे मेल्या. सगळेच खरं बोलत होते, तीच तर माझी तक्रार होती."

दिवसभर जेवले नाही. ब्रशलाही हात लावला नाही.

१९ जुलै

पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. प्रणिता मुद्दाम रोह्याहून आली. डॉक्टर कोवळा, मिसरूड फुटतंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पिकलेला, म्हणाला. "आजी, सगळं पिवळट दिसतं असं कधीपासून वाटतं?" म्हटलं, मला वाटलं जगच नासलंय. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

ऑपरेशन गणपती झाल्यावर. काच बसवतात आत. कुठल्या कंपनीची बसवू म्हणून त्याने दोन-तीन नावं सांगितली, त्यातही देशी-परदेशी आहेच. प्रणिताने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, तूच ठरव, बाई. माझी निवड करायची हौस फिटली.

पण आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तरी हात? वर्षभर चुकीच्या जागी रेघा ओढून ओढून हाताला तीच सवय लागली असेल तर? डॉक्टरला विचारलं नाही. त्याला काय कळतंय आखणीतलं.

२१ जुलै, सोमवार

फोटो वेळेत गेले. दिपिकाने काढले. आणि आज केरूशेठ स्वतः जोह्याला आले, टेम्पो न घेता, मोटरसायकलवर. फोटो बघून गिऱ्हाइकं वाढलीत म्हणे, आणखी माल हवा. कारखान्यात शिरतानाच सुरू झाले, "इंदुबाई, फोटो मोठा करून करून बघतात लोक! छापावाले झक मारतील. काय हात हाय तुमचा!"

नितेशने माझ्याकडे बघितलं. गप्प राहा, असं ते बघणं होतं. त्याचं चूकही नव्हतं. केरूशेठ माल नेतात तो इंदुबाईच्या नावावर. दिपिकाने तर मानच वर केली नाही. पितांबराचा काठ मारत होती, माझ्या गप्प राहण्याची तिला खात्रीच होती. मला त्या खात्रीचा संताप आला. मी इतकी नीच नाही, आणि असलेच तर ते माझ्या सुनेने ठरवायचं नाही.

"हात माझा नाही," मी म्हटलं. "सुनेचा आहे. गेल्या वर्षीचाही तिचाच."

केरूशेठ मोठ्याने हसले. व्यापाऱ्याला खरं सांगितलं की त्याला वाटतं भाव वाढवायचाय. मग कोणीच हसत नाही हे बघून थांबले. "अवो, पन गिऱ्हाईक तुमचं नाव घेऊन येतंय. ही कालची पोर... नाय, म्हंजे, मला हेच्यात..." पुन्हा अर्धं वाक्य. यांना वाक्य शिकवणारा मास्तर कुठे मेला होता कोण जाणे.

"अर्धं बोलू नका," मी म्हटलं. "बसा समोर आणि बघा. पसंत पडलं तर न्या, नाही तर छापावाल्यांकडून टपालाची पाकिटं न्या."

फळीवरून एक कोरी मूर्ती उतरवायला लावली. पाटासमोर ठेवली.

"दिपिका, बस."

"आई, मी... सगल्यांसमोर नाय जमायचं."

"माझ्यासमोर वर्षभर जमलं, मी घोरत असताना. बस गो. का पायघड्या घालू?"

ती माझ्या पाटावर बसली. पदराला हात पुसले. नितेशने गनचा कंप्रेसर बंद केला, तसा कारखाना एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. केरूशेठ समोर उकिडवे बसले. मी तिच्या मागे उभी राहिले, टेकायला भिंत होती तरी टेकले नाही.

मला मूर्तीचं तोंड म्हणजे एक पिवळट गोळा दिसत होता. ब्रश तर दिसतच नव्हता. डोळ्याची रेघ ओढताना श्वास धरायचा असतो, रेघ संपेपर्यंत सोडायचा नसतो. हे तिला मी कधी सांगितलं नाही, सांगण्याच्या लायकीची मी तिला समजलेच नव्हते. तिने श्वास धरला. मला ऐकू आलं, म्हणजे ऐकू यायचं थांबलं. मीही धरला. तिची रेघ कुठे वळली असेल, कुठे निमुळती झाली असेल, ते माझ्या उजव्या हाताला आपोआप कळत होतं, आणि आम्ही दोघी एकाच वेळी सुटलो.

मग दुसरा डोळा. मग ठिपके.

केरूशेठ पुढे वाकले. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, त्यामुळे पसंत की नापसंत ते कळेना. दिपिकाही वळून बघेना. मग समोरून फरशीवर काही तरी घासल्यासारखा आवाज आला. बसल्या जागी केरूशेठ चपला काढत होते.